परिकेंद्र (१०, −१५) येतंय, पण ताळा जमत नाही

चौकोनी_वही

त्रिकोणाचे शिरोबिंदू अ(−३, १), ब(५, ५), क(२, −४). परिवर्तुळाचं केंद्र काढायचंय. केंद्र प(क्ष, य) धरून पअ² = पब² मांडलं, त्यावरून २क्ष + य = ५ आलं. पअ² = पक² वरून ५क्ष + ३य = ५. दोन्ही सोडवून क्ष = १०, य = −१५.

ताळा बघितला तर पअ आणि पब दोन्ही √४२५, पण पक √१८५. एकसामयिक समीकरणं सोडवण्यात चूक नाही, तीनदा तपासलंय. तिन्ही बिंदूंची सरासरी घेतली तर (४/३, २/३) येतं, तेही जुळत नाही. घोळ कुठे आहे?

आलेखकागद

घोळ तुमच्या ताळ्यानेच दाखवलाय. पअ = पब जुळतंय, म्हणजे पहिलं समीकरण बरोबर. चूक दुसऱ्यात आहे आणि ती क च्या खालच्या चिन्हाची आहे. य − (−४) म्हणजे य + ४. तुम्ही (य − ४)² धरलंत; तसं धरलं की बरोब्बर ५क्ष + ३य = ५ येतं, करून बघा. वर्ग केल्यावर १६ दोन्ही प्रकारे तेच, फरक फक्त मधल्या पदात, −८य की +८य. म्हणूनच तीनदा तपासूनही नजरेतून सुटतं.

आता नीट मांडू:

(क्ष + ३)² + (य − १)² = (क्ष − २)² + (य + ४)²

क्ष² + ६क्ष + ९ + य² − २य + १ = क्ष² − ४क्ष + ४ + य² + ८य + १६

क्ष² आणि य² दोन्हीकडून उडतात. (एखादा उरला तर विस्तारात गडबड आहे, पुढे जाऊ नका.) राहिलं १०क्ष − १०य = १०, म्हणजे क्ष − य = १. यात २क्ष + य = ५ मिळवा: ३क्ष = ६, क्ष = २, य = १.

केंद्र (२, १). अ पर्यंत आडवं ५, उभं ०. ब पर्यंत ३ आणि ४. क पर्यंत ० आणि ५. तिन्ही अंतरं ५.

तिरपी_रेघ

आकृती काढली असती तर (१०, −१५) तिथेच खटकलं असतं. बाजूंचे वर्ग अब² = ८०, बक² = ९०, कअ² = ५०. सर्वांत मोठा ९०, बाकी दोघांची बेरीज १३०, म्हणजे त्रिकोण लघुकोन. लघुकोन त्रिकोणाचं परिकेंद्र आतच असतं. काटकोनात कर्णाच्या मध्यावर, विशालकोनात बाहेर. तुमचा बिंदू तर पार चौथ्या चरणात लांब गेलाय.

पडताळ्यासाठी लंबदुभाजकही घेता येतो. अब चा मध्य (१, ३), चढ १/२, म्हणून लंबाचा चढ −२: य − ३ = −२(क्ष − १), पुन्हा २क्ष + य = ५ च. मात्र एखादी बाजू क्ष-अक्षाला समांतर असेल तर लंबाचा चढ सांगताच येत नाही. तिथे मुलं सूत्रात शून्याने भागून बसतात. अंतराच्या सूत्राला ही अडचण नाही.

चौकोनी_वही

सापडलं, (य − ४)² च लिहिलं होतं. धन्यवाद! पण सरासरीचं काय? आणि पुढे क्षेत्रफळ विचारलंय, उंची दिलेली नाही.

तिरपी_रेघ

सरासरीने मध्यगांचा संपातबिंदू मिळतो, परिकेंद्र नव्हे. समभुज त्रिकोणातच दोन्ही एक. तुमच्या त्रिकोणात एक गंमत आहे: शिरोलंबांचा संपात (०, ०) येतो. (०, ०), (४/३, २/३), (२, १) हे तिन्ही य = क्ष/२ या एकाच रेषेवर, आणि मधला बिंदू शिरोलंबसंपात ते परिकेंद्र या अंतराला २ : १ मध्ये विभागतो. कुठल्याही त्रिकोणात हे खरं असतं (समभुजात तिन्ही एकाच जागी येतात), म्हणून उत्तर तपासायला फार सोयीचं.

आलेखकागद

क्षेत्रफळाला उंची कशाला? त्रिज्या हातात आहे. तिन्ही बाजूंचा गुणाकार भागिले ४ × त्रिज्या. बाजू ४√५, ३√१०, ५√२. बाहेरचे आकडे ४ × ३ × ५ = ६०, आतले √१०० = १०, गुणाकार ६००. भागिले २०, उत्तर ३० चौ. एकक. करणी तशीच ठेवा. ८.९४, ९.४९, ७.०७ असे दशांश घेतलेत तर २९.९९ येतं आणि उगाच शंका येते.

ताळ्यासाठी अ पासून निघा: ब पर्यंत (८, ४), क पर्यंत (५, −५). ½ × |८ × (−५) − ४ × ५| = ½ × ६० = ३०.