१८५३ ला ठाण्यात आली ती आगगाडी होती, लोकल नव्हे

घोडबंदरकर:
दर १६ एप्रिलला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीचं तेच फिरतं. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. पण त्या चारशेत रोज कामावर जाणारा एक तरी होता का? निमंत्रितांची सहल होती ती! रूळ टाकले ते कापूस बंदराला लागावा आणि पलटणी हलवता याव्यात म्हणून. गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या १८५३ च्या टिपणात हे सरळ आहे. माणसांसाठी ठरवून बांधलेली रेल्वे बघायची तर खाडीपलीकडे जा. मानखुर्द-वाशी, १९९२, दोन तृतीयांश खर्च सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा. ठाणेकरांनी उगाच मिरवू नये. (मीही ठाणेकरच.)

जुना_नौपाडा:
सहल म्हणे! नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय १८४५ पासून रेल्वेसाठी खटपट करत होते, ते काय फक्त कापसाच्या गठ्ठ्यांसाठी? बरं, असेल कापसासाठी. पण चढली माणसंच ना? १९२५ ला व्हीटी-कुर्ला विजेवर धावली, गाडीला भराभर थांबून भराभर निघता यायला लागलं, आणि खरी लोकल तिथून सुरू झाली. आमच्या आजोबांचा पास अजून आहे घरी. कडा मऊ पडल्यात, मागे आजीने शाईने दुधाचा हिशोब लिहिलाय. ही माझ्या मते सार्वजनिक वाहतूक.

नेरूळची_मावशी:
सिडकोचं कौतुक करणाऱ्याने तिच्या स्थापनेचं १९७० ते गाडीचं १९९२ बोटांवर मोजावं. आधी शहर, बावीस वर्षांनी गाडी! आम्ही वाशीला आलो तेव्हा बसने खाडीपूल ओलांडायचा, मानखुर्दला हार्बर मार्गाची लोकल पकडायची. बस अडकली की हजेरीवर लाल शेरा. ठाण्याला माहेरी जायचं तर रेल्वेने कुर्ल्याचा वळसा, थेट ठाणे-वाशी आली २००४ ला. वर तिकिटावर सिडकोचा अधिभारही आम्हीच भरला. स्टेशनं मात्र ऐसपैस, आत क्रिकेट खेळा.

घोडबंदरकर:
मावशी, उशीर मान्य. उरणला तर थेट २०२४ उजाडलं. पण ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिकाही २०२२ लाच पूर्ण झाली, तेव्हा जुन्यांनीही दिवे लावले नाहीत.

कळवा_कारशेड:
तुमचा इतिहास वाचून करमणूक झाली. कारशेड, म्हणजे लोकल उभ्या करायची जागा, आमच्या दारात, आणि कळव्याहून सुटणारी लोकल नाही. म्हणून लोक कारशेडमधून निघणाऱ्या रिकाम्या गाडीत चढत आले. तिथे फलाट नाही, त्यामुळे पायरी कमरेच्या वर येते. आधी डब्याची पिशवी आत फेकायची, मग वरचा कोणीतरी मनगट धरून ओढतो. चूक आहे, माहीत आहे. २०२२ ला त्या वेळेला एसी लोकल आली. दारं बंद! लोक रुळांवर उतरले. रेल्वे कोणासाठी, हे बोरीबंदरावर कशाला शोधता?

जुना_नौपाडा:
दारं बंद असलेलीच बरी. मुंब्र्याच्या वळणावर जून २०२५ मध्ये लटकणारी माणसं पडली, विसरलात?

कळवा_कारशेड:
नाही विसरलो. पण दार लागायच्या आधी आत मावायला हवं ना, काका.