पट आधी घटतो की शिक्षक?

नगरपरिषद शाळांचा पट केवळ शिक्षक नीट शिकवत नाहीत म्हणून घटतो, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी १२१ ते २०० मुलांमागे पाच, ९१ ते १२० मुलांमागे चार, तर साठपर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे १२१ मुलांच्या शाळेतून एकच मूल गेले, तरी पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करताना, पाच वर्गांना चारच शिक्षक मंजूर होऊ शकतात. मग दोन इयत्ता एका खोलीत बसतात आणि ते पाहून आणखी काही पालक, ऐपत नसतानाही, आपली मुले खासगी इंग्रजी शाळेत घालतात. त्या पालकांना मी दोष देणार नाही. शिक्षकांच्या हलगर्जीपणाची उदाहरणे आहेतच, ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र निवडणुकीच्या कामातून उरलेल्या वेळात दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. माझ्या मते छोट्या गावांत पट कितीही असो, प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळालाच पाहिजे, आणि पालकांनी नगरसेवकांकडे रंगरंगोटीऐवजी या मागणीचा पाठपुरावा करावा.