मदत हवी आहे: १० फुटांवरून ४के टीव्हीचा फरक दिसतो का?

कोपऱ्यातला सोफा
सध्या ४३ इंची फुल एचडी आहे, ५५ इंची ४के घ्यायचा विचार चाललाय. सोफा ते पडदा मोजून १० फूट. निम्मा वेळ सेट-टॉप बॉक्स, निम्मा ओटीटी, कधीमधी लॅपटॉप. पिक्सेल चौपट म्हणून चित्र खरंच तेवढं सुधारतं का?

उनाडपाखरू
चौपट हा आकडा खरा आहे. फुल एचडीचे १९२० × १०८० म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, ४केचे ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख. पण डोळ्याला ते सुटे दिसायला हवेत ना! ६/६ नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखते. त्या हिशेबाने पडद्याच्या कर्णाच्या १.५६ पट अंतरापलीकडे फुल एचडीचेच पिक्सेल एकमेकांत मिसळतात, मग ४केचे बारीक पिक्सेल वाया. ५५ इंचाला ही हद्द सव्वासात फुटांच्या आत येते, ७५ इंचाला पावणेदहा फुटांवर. १० फुटांवर बसून ५५ इंचीत पिक्सेल शोधू नका.

झिरमिळ्या
हिशेब बरोबर, पण तो फक्त पिक्सेलांचा झाला. लांबूनही दिसतो तो एचडीआरचा फरक, म्हणजे उजेड-अंधारातलं जास्त अंतर आणि रंगांच्या जास्त छटा. ८ बिटांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, १० बिटांत १०२४. म्हणून संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडत नाहीत. मात्र खोक्यावर एचडीआर छापलंय याचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल कळतो, एवढाच. ३०० निट्सच्या (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आसपासचा उजेड आणि लोकल डिमिंग (पडद्यामागचा उजेड भागाभागाने मंद करणं) नाही, अशा टीव्हीवर एचडीआर नावालाच. घेण्यापूर्वी दिवे मालवून काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स लावून बघा, काळा रंग किती करडा दिसतो ते लगेच कळेल.

सेट-टॉप बॉक्सबद्दल फार आशा नको. एसडी चॅनेलच्या ५७६ ओळी ताणून २१६० करायच्या म्हणजे कॉम्प्रेशनचे, म्हणजे चित्र दाबून पाठवल्याने पडणारे, चौकोनही सोबत मोठे होणार. तो चॅनेल ५५ इंचीवर आतापेक्षा वाईटच दिसेल.

कोपऱ्यातला सोफा
विकत घेण्याआधी स्वतःच्या डोळ्यांची हद्द तपासता येते का? आणि लॅपटॉप जोडताना काय सांभाळायचं?

उनाडपाखरू
येते, आत्ताच्या टीव्हीवरच. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, रिझोल्यूशन १९२० × १०८०, स्केलिंग १०० टक्के. त्याच मापाचं चित्र बनवा: एक पिक्सेल काळी उभी रेघ, एक पांढरी, अशी सगळीभर. ते मूळ मापात, फुल स्क्रीन दाखवा. पेन ड्राइव्हवरून नको, टीव्हीचा फोटो व्ह्यूअर मापात ढवळाढवळ करू शकतो. जवळून रेघांऐवजी लाटा दिसल्या तर ओव्हरस्कॅन चालू आहे, म्हणजे टीव्ही चित्र ताणून त्याच्या कडा कापतोय. पिक्चर साइज ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ करा. शार्पनेसही उतरवा, अक्षरांभोवतीची पांढरी कड जाईपर्यंत.

मग एक डोळाही न मिटता मागे सरकत जा. रेघा जिथे सपाट करड्या होतील ते अंतर गुणिले १.२८ (५५ भागिले ४३) ही ५५ इंचीची तुमची हद्द. ६ फूट आले तर साधारण ७.७ फूट. चष्मा असेल तर लावूनच मोजा. काहींची नजर ६/६ पेक्षा तीक्ष्ण असते, त्यांचं अंतर जास्त येईल.

झिरमिळ्या
४के घेतलात तर: लॅपटॉपवर ३० हर्ट्झच (सेकंदाला ३० चित्रं) मिळत असेल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं ‘एन्हान्स्ड’ सेटिंग बघा, बऱ्याचदा ते बंदच असतं. ४के ६० हर्ट्झला १८ जीबीपीएसची (सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी) केबल लागते. निळ्यावर लाल अक्षरं फिसकटली तर इनपुटला ‘पीसी’ नाव द्या. मध्ये जुना अँप्लिफायर असेल आणि त्यात एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं संरक्षण) नसेल, तर ओटीटीची पेटी १०८० वर उतरते किंवा पडदा काळा.

कोपऱ्यातला सोफा
मोजलं. साडेसहा फूट, म्हणजे ५५ इंचीला सव्वाआठच्या थोडं पुढे.

उनाडपाखरू
मग सोफा दोन फूट पुढे घ्या, नाहीतर ६५ इंची बघा. त्याला हीच हद्द पावणेदहा फुटांच्या पुढे जाते. दोन्ही जमत नसेल तर पिक्सेल विसरा आणि चांगला एचडीआर असलेला ५५ इंची निवडा.