कंबोडिया: अंगकोर झाल्यावर जंगलातली देवळं, कोणती ठेवू कोणती गाळू?

उनाडपाऊल
डिसेंबरात आईबाबांना घेऊन कंबोडियाला चाललोय. अंगकोरचे तीन दिवस पक्के आहेत, पण मला खरी ओढ आहे ती आत जंगलात पडलेल्या देवळांची, जिथे सूर्योदयाला पाचशे मोबाईल वर नसतात. कोह केर, बेंग मिआलिया, क्बाल स्पिअन आणि सांबोर प्रेई कुक अशी नावं काढलीत. हातात दोन दिवस जास्तीचे, परतीचं विमान नॉम पेन्हहून. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आईला मूर्ती बघायला आवडतात, आणि भूसुरुंगांबद्दल कुठेतरी वाचल्यापासून ती "अंगकोरच पुरे" म्हणायला लागलीय. काय करू?

रानभूल
क्बाल स्पिअन गाळ. जागा भारी आहे, नदीच्या पात्रातच शेकडो शिवलिंगं कोरलीत, शेषशायी विष्णू आहे, वरून पाणी वाहतं म्हणजे खालच्या शेतांना आपोआप तीर्थ, पण दीड किमी चढ आहे, मुळं आणि दगडांतून. गुडघ्यासाठी नाही. शिवाय पावसाळा संपता संपता मजा, नंतर पाणी आटत जातं.

तिखटमीठ
कोह केर पण गाळा म्हणतो मी. अंगकोरशेजारच्या सिएम रीप शहरातून सव्वाशे किमी जायचं आणि बघायचं काय तर रिकामे चौथरे. त्यापेक्षा बेंग मिआलिया अर्ध्या वाटेवर आहे, अख्खं देऊळ ढासळलेलं तसंच ठेवलंय, शिळांचे ढीग, भिंतींवर झाडं, आणि मधून लाकडी पूल बांधलाय त्यामुळे बाबाही आरामात फिरतील. अंगकोरच्या पासमध्येच येतं.

शिळोपा
तिखटमीठ, ते चौथरे रिकामे का आहेत हे कळलं तर सव्वाशे किमी जास्त वाटणार नाहीत.

चौथ्या जयवर्मन या ख्मेर राजाने दहाव्या शतकात, साधारण ९२८ ते ९४१, राजधानी अंगकोर सोडून इथे जंगलात आणली. तो गेल्यावर थोड्याच वर्षांत ती परत अंगकोरला गेली. एवढ्याशा काळात या माणसाने सात टप्प्यांचा ३६ मीटर उंच पिरॅमिड उठवला, प्रासात थोम, त्याच्या माथ्यावर त्रिभुवनेश्वराचं लिंग होतं. आता लिंग नाही. बाजूने लाकडी जिना आहे पण पायऱ्या भरपूर, बाबांना खालीच सावलीत बसवा. बाकीची देवळं सपाटीवर आहेत, गाडी जवळपास दारापर्यंत जाते. प्रासात प्राम नक्की बघा, विटांचे मनोरे मुळांनी आवळून धरलेत. आणि छोट्या दगडी देवळांत भलीमोठी लिंगं जागेवरच आहेत, अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारी पन्हळ सुद्धा दिसते.

आता आईंसाठी. प्रासात चेन नावाच्या देवळात भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धाचा अख्खा देखावा होता, सुट्या उभ्या मूर्तींचा. दुर्योधन उडी घ्यायच्या पवित्र्यात, समोर भीम वाट बघत, भोवती बाकीचे पांडव आणि बलराम. म्हणजे गदा मांडीवर बसायच्या आधीचा क्षण. १९७०च्या यादवीत चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या, पावलं चौथऱ्यावर तशीच राहिली. पुढे न्यूयॉर्कच्या लिलावात दुर्योधन निघाला, पावलं जुळवून ओळख पटवली, कोर्टबाजी झाली, आणि २०१४ मध्ये तो परत आला. भीमही त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या एका म्युझियममधून आला. हे सगळे आता नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, राजवाड्याशेजारी. विमान तिथूनच आहे ना, मग काय हवं! वाली-सुग्रीवाची कुस्तीही तिथेच आहे, तीही याच देवळातली.

चहाटळ
सुरुंगांचं: आईंची भीती उगाच नाहीये पण घाबरून जाऊ नका. कोह केरच्या मुख्य देवळांभोवतीचे सुरुंग काढलेत, तरी मळलेली वाट सोडून झाडीत शिरायचं नाही, फोटोसाठी नाही आणि लघवीसाठी पण नाही. कवटीची लाल पाटी दिसली की मागे फिरा. तिकीट वेगळं आहे, १५ डॉलर माणशी. डॉलर कोरे न्या, जरा फाटलेली नोट असली तरी परत करतात, सुटे तिथल्या चलनात, रिएलमध्ये मिळतात.

आणि प्रेआह विहिअरच्या डोंगरावरच्या देवळाचा मोह नको. ते थायलंडच्या सीमेवर आहे, २०२५ मध्ये तिथे लढाई झालीये. कोह केर त्याच प्रांतात पण बरंच आत. तरी निघायच्या आधी परराष्ट्र खात्याची सूचना बघाच.

उनाडपाऊल
शिळोपा, आईला दुर्योधनाचं वाचून दाखवलं, आता तीच मागे लागलीय. म्हणजे एक दिवस बेंग मिआलिया + कोह केर. दुसऱ्या दिवशी नॉम पेन्हला गाडीने जाताना सांबोर प्रेई कुक वाटेत बसेल का?

शिळोपा
बसेल, काम्पोंग थोम शहरापाशी वळायचं, आत तासाभराच्या आत पोचता. सातव्या शतकातली ईशानवर्मनची राजधानी आहे, अंगकोर वाटपेक्षा पाच शतकं जुनं काम, विटांची अष्टकोनी देवळं, भिंतींवर कोरलेले तरंगते महाल. जमीन सपाट, झाडी दाट, बाबांना सगळ्यात हेच आवडेल. मधे मोठे गोल खड्डे दिसतील, ते अमेरिकन बॉम्बचे आहेत. सकाळी सहाला निघा, नाहीतर संग्रहालय दुसऱ्या दिवशीवर जाईल.

तिखटमीठ
बरं बाबा, जातो मीही परत एकदा. पण ऊन लागलं तर शिळोपाच्या नावाने ओरडणार.