चिठ्ठीत निघालेला घोडा: २० मिनिटांत काय तपासावं?

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): पोरगी स्वतःच्या घोडीवर ९० सेंमी. उंचीच्या अडथळ्यांचा कोर्स एकही अडथळा न पाडता साफ काढते. आता स्पर्धेत घोडा चिठ्ठीनं मिळणार. सरावाला २० मिनिटं, उड्या पाचच. काय करावं?

उत्तर १: भाऊ, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) खाली उभं राहून एकदा आणि बसल्यावर पुन्हा आवळायला सांगा. बरेच घोडे पोट फुगवून धरतात, मग उडीत खोगीर सरकतं. पहिली सात-आठ मिनिटं उडी नाहीच. दुडकीत दोन्ही बाजूंनी गोल फिरवा, थांबवा, पुन्हा काढा. टाच लागल्यावर किती उशिरानं निघतो, लगाम किती धरला की थांबतो, एवढं कळलं म्हणजे निम्मं काम झालं.

उत्तर २: उड्यांच्या चालीत घोड्याची ढांग (एक झेप) साधारण ३.६ मीटर. उडीनंतर उतरणं आणि पुढच्या उडीला उठणं धरून दोन अडथळ्यांमधलं चार ढांगांचं अंतर १८ मीटरच्या आसपास येतं. आखूड ढांगेचा घोडा तिथं पाचवी घालतो, म्हणून एक सरावउडी अशा जोडीवरच खर्च करा. घोडा अडथळ्यापुढं अडला की पोरं टाचही मारतात अन् लगामही ओढतात. घोड्यानं ऐकावं तरी काय? हात पुढं सोडायचा, पाय लावून ठेवायचा.

उत्तर ३: घरची ९० म्हणजे परक्या घोड्यावर ७०-८० धरा, हे माझं ठाम मत. आधीचा स्वार त्याच घोड्यावर असेल तर नीट बघा. टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये (पाच खेळांची स्पर्धा, त्यात घोडा चिठ्ठीनंच मिळायचा) सेंट बॉय नावाचा घोडा आधीच्या स्वाराखालीही अडला होता. पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढली.