मदत हवी आहे : गॉथ सैनिकांना जमीन मिळाली की महसूल?

नमस्कार मंडळी. इ.स. ४७६ नंतरच्या इटलीबद्दल वाचतोय आणि एका जागी अडलोय.

ओडोएकर या जर्मानिक सेनानीने पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला गादीवरून उतरवलं, पण मारलं नाही. वर्षाला ६००० सॉलिडस (सोन्याची नाणी) तनखा देऊन कंपानियात पाठवून दिलं. (साम्राज्य 'कोसळलं' म्हणतात ते हेच!) सिनेट चालू राहिली. ४९३ मध्ये गॉथ या जर्मानिक लोकांचा राजा थिओडोरिक याने रावेन्नात मेजवानीला बोलावून ओडोएकरचाच काटा काढला, तरी कारभार रोमन अधिकाऱ्यांकडेच ठेवला.

प्रश्न इथे आहे. थिओडोरिकच्या गॉथ सैनिकांची सोय लावायचं काम लिबेरियस या रोमन अधिकाऱ्याकडे होतं. थिओडोरिकच्या दरबारातला रोमन अधिकारी कॅसिओडोरस याच्या पत्रसंग्रहात त्याचं कौतुक आहे: एक तृतीयांश वाटा अशा खुबीने दिला की गॉथ आणि रोमन यांची मनंच जुळली. आता हा वाटा कशातला? जमिनीतला, की शेतसाऱ्यातला? आपल्याकडे इनाम (जमीन) आणि मोकासा (महसुलातला वाटा) यांत जेवढा फरक, तेवढाच इथे पडतो. इतिहासकार वॉल्टर गोफार्ट साऱ्याच्या बाजूने आहेत, जुने अभ्यासक जमिनीच्या. मला सारा पटतो, कारण जमिनी हिसकावल्या असत्या तर रोमन जमीनदार इतके गप्प बसले नसते. पण पुढे पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने इटली जिंकायला केलेल्या युद्धात (५३५–५५४) गॉथ लोक आपापल्या शेतीवाडीसह दिसतात, त्याचं काय?

कुणी या वादाचा नीट अभ्यास केलाय का? गोफार्ट यांच्यावरची चांगली टीका कुठे वाचायला मिळेल? इंग्रजी चालेल, लॅटिन नको.