मदत हवी आहे : १९७३ चे वीस रुपयांचे चांदीचे नाणे कसे तपासावे आणि कसे जपावे?

सोलापुरातील आमच्या घरी आजोबांनी जपून ठेवलेली तीन स्मारक नाणी आहेत. त्यांपैकी एक महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये काढलेले दहा रुपयांचे, दुसरे स्वातंत्र्याला २५ वर्षे पूर्ण झाली तेव्हाचे, म्हणजे १९७२ चे दहा रुपयांचे आणि तिसरे अधिक धान्य पिकवण्याचे आवाहन करणारे १९७३ चे वीस रुपयांचे आहे. पहिल्या दोन नाण्यांविषयी मला शंका नाही. तिसऱ्या नाण्याच्या टंचाविषयी, म्हणजे त्यातील चांदीच्या प्रमाणाविषयी, आणि ते स्वच्छ करण्याविषयी मात्र मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे, आणि ते नेमके मिळावे म्हणून आतापर्यंत काय तपासले ते सविस्तर लिहीत आहे.

गांधीजींचे नाणे १५ ग्रॅमचे असून त्यात ८० टक्के चांदी असते. १९७२ चे नाणे, ज्यावर संसद भवनासमोर ध्वज घेतलेले स्त्री-पुरुष आहेत, ते २२.५ ग्रॅमचे आणि हाताला चांगलेच भारी लागणारे आहे, पण त्यात चांदी ५० टक्केच आहे. हिशेब केला तर गांधीजींच्या लहान नाण्यात १२ ग्रॅम आणि १९७२ च्या मोठ्या नाण्यात ११.२५ ग्रॅम चांदी भरते. म्हणजे दर्शनी किंमत तीच राहिली, आकार वाढला आणि चांदी घटली. चांदीचा भाव चढत गेला की सरकारला हेच करावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही असेच घडले होते आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून ११.६६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे एक तोळ्याचा, ९१.६६ टक्के चांदीचा चालत आलेला रुपया १९४० मध्ये निम्म्या चांदीवर आला. जुन्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्याने राजाराण्यांच्या चेहऱ्यांइतकेच लक्ष या घटत्या टंचाकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण त्या त्या काळातील तिजोरीची अवस्था त्यातून थेट कळते.

आता वीस रुपयांच्या नाण्याकडे येतो. त्याचे प्रमाण वजन ३० ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर आणि चांदी ५० टक्के. आमच्या नाण्याचे वजन सराफाच्या काट्यावर २९.९ ग्रॅम भरले, व्यास बरोबर आहे आणि लोहचुंबकाला ते अजिबात ओढले जात नाही. इथपर्यंत सारे ठीक आहे. परंतु सराफ बाजारातील ज्या दुकानात ते दाखवले, तेथील टंच मोजण्याच्या यंत्रावर चांदीचा आकडा ५० ऐवजी ५८ च्या आसपास आला. दुकानदारांनी कसोटीच्या दगडावर कस लावून पाहण्याची तयारी दाखवली, ती मी नम्रपणे नाकारली, कारण मोडीत घालायच्या दागिन्याला कस लावणे योग्य असले तरी संग्रहातल्या नाण्याच्या कडेवर उमटलेला ओरखडा पुन्हा भरून येत नाही.

माझ्या वाचनाप्रमाणे हे यंत्र क्ष-किरणांनी फक्त वरचा अतिशय पातळ थर वाचते. चांदी-तांब्याच्या मिश्रणाच्या चकत्या नाणे पाडण्यापूर्वी तापवून आम्लात उजळल्या जातात, तेव्हा पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वरच्या थरात चांदीचे प्रमाण आतल्यापेक्षा अधिक राहते. ५८ हा आकडा या कारणाने आला असेल, तर नाणे अस्सल असल्याला त्यातून पुष्टीच मिळते. पण खोट्या नाण्याला चांदीचा मुलामा दिलेला असला तरी यंत्र वाढीव आकडाच दाखवील. म्हणून मी घरी पाण्यातील वजनाचा प्रयोग केला. निम्मी चांदी आणि उरलेले मुख्यतः तांबे असलेल्या मिश्रणाची घनता साडेनऊच्या आसपास येते, म्हणजे ३० ग्रॅमच्या नाण्याने सुमारे ३.१ ते ३.२ ग्रॅम पाणी बाजूला सारले पाहिजे. तांबे-निकेलच्या नाण्याने तेच ३.३ ते ३.४ ग्रॅम सारले असते. दोऱ्याने बांधून पाण्यात सोडल्यावर काट्याने ३.२ दाखवले. तथापि माझा काटा एका दशांशापर्यंतच वाचत असल्यामुळे या आकड्यावर निर्णय देण्याचे धाडस मी करणार नाही. दोन दशांशांपर्यंत वाचणारा काटा वापरून ज्यांनी याच मालिकेतील अस्सल नाणी मोजली आहेत, त्यांनी आपले आकडे कृपया कळवावेत. त्याचप्रमाणे आपल्या अस्सल नाण्यावर टंच यंत्राने किती आकडा दाखवला, हेही सांगितल्यास माझा अर्धा प्रश्न सुटेल.

दुसरा मुद्दा टांकसाळीच्या खुणेचा आहे. मुंबई टांकसाळीची नेहमीची खूण वर्षाखालचा पत्त्यांतील चौकटसारखा आकार किंवा ठिपका, हैदराबादची तारा, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते, एवढे मला माहीत आहे. त्या काळात मुंबईत संग्राहकांसाठी आरशासारख्या चकाकीची जी प्रूफ नाणी पाडली जात, त्यांवर इंग्रजी ‘बी’ हे अक्षर असे. आमच्या नाण्यावर १९७३ च्या खाली नेमक्या त्या जागी कुंकू घट्ट बसले आहे. आजी दर धनत्रयोदशीला ही नाणी पाटावर मांडून पूजत असे आणि हळद-कुंकवाचे ते थर आज अक्षरांच्या खाचांत वाळून दगडासारखे झाले आहेत. भिंगातून पाहिले असता कुंकवाच्या कडेने एक उंचवटा डोकावतो, परंतु तो ठिपका आहे की अक्षराचा पाय, हे ठरत नाही. काकूंनी रांगोळीने किंवा चिंचेने घासण्याचा सल्ला आपुलकीने दिला आहे. देवाच्या तांब्या-पळीला तो उत्तम आहे, पण नाण्यावरचा काळपट थर हा चांदी आणि गंधक यांच्या संयोगातून हळूहळू तयार झालेला असतो आणि तो घासून काढताना खालची मूळ झळाळीही निघून जाते. तो काळपटपणा मला तसाच ठेवायचा आहे. फक्त कुंकू सोडवायचे आहे. त्यासाठी शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस भिजत ठेवावे, की आधी अ‍ॅसिटोन वापरावे? कुंकवाचा रंग धातूत मुरून डाग राहिल्याचा कोणाला अनुभव आहे का?

हे नाणे मला इतके महत्त्वाचे का वाटते, तेही सांगतो. १९७० पासून आपल्या सरकारने जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मोहिमेला धरून नाणी काढली. १९७० चे ‘सर्वांसाठी अन्न’, १९७३ चे उत्पादनवाढीचे आवाहन, १९७४ चे नियोजित कुटुंबाचे, १९७५ चे समानता, विकास व शांततेचे, अशी ती मालिका आहे. १९७३ चे नाणे निघाले त्या वर्षी सोलापूर जिल्हा दुष्काळात होरपळत होता. १९७२ चा पाऊस गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. आमचे आजोबा त्या वेळी सांगोला तालुक्यात खडी फोडण्याच्या कामावर हजेरीपट लिहीत असत. मजुरांच्या घरात परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी, शिजत होता आणि मुलांना सुकडी वाटली जात होती. पीक घेण्याजोगे पाणीच ज्यांच्या रानात नव्हते, त्यांच्याच काळातले हे आवाहन चांदीवर कोरलेले आहे, आणि ते आजोबांनी का जपले असेल हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

त्यातूनच तिसरा प्रश्न निर्माण होतो. वीस रुपयांची ही नाणी मुख्यतः टांकसाळीच्या संचांतून संग्राहकांना मिळत. आमच्याकडे संचाची पेटी नाही, आणि हजेरीपट लिहिणाऱ्या कारकुनाने त्या काळी तसा संच मागवला असेल, असे घरातील कोणाला वाटत नाही. ही नाणी सुटी मिळण्याची सोय त्या वेळी कुठे होती का, किंवा संच फोडून ती बाजारात विकली जात होती का, हे त्या काळापासून संग्रह करणाऱ्या ज्येष्ठांनी सांगावे. सोलापूर, पंढरपूर, बार्शी या भागांत दुष्काळाच्या वर्षांत अशी नाणी कोणाच्या घरी आली असल्यास ती कशी आली, हे कळले तर फार उपयोग होईल.

नाणे विकायचे नाही, त्यामुळे किमतीचा अंदाज नको. कुंकू सोडवण्याविषयी खात्रीचा सल्ला मिळेपर्यंत ते आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवले आहे. वर्षाखालच्या त्या भागाची भिंगातून काढलेली छायाचित्रे तयार आहेत. अस्सल नाण्यावर ‘बी’ अक्षर किंवा ठिपका वर्षाच्या अंकांपासून नेमका किती अंतरावर असतो, हे कोणी मोजून सांगितल्यास कुंकवाला हात लावण्याआधीच मला त्यांची तुलना करता येईल.